धागा: जीपीए २.६ असूनही मुलाची फायनान्शियल एड थांबली. हे 'सॅप' काय प्रकरण आहे?

अबोली | ११ जून, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचून जाते. आज लिहितेय, कारण दोन दिवस डोकं चालेनासं झालंय.

धाकटा न्यू जर्सीतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला आहे. दुसरं वर्ष मे महिन्यात संपलं. परवा जेवताना त्यानं न बोलता फोन माझ्यापुढे सरकवला. कॉलेजची मेल होती: 'सॅटिस्फॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस' (सॅप, म्हणजे समाधानकारक प्रगती) नसल्यामुळे तुमची फायनान्शियल एड स्थगित करण्यात येत आहे. मी विचारलं, नापास झालास का? तर म्हणे नाही, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) २.६ आहे. पोर्टल उघडून दाखवलं, खरंच २.६. कॉलेजनं काढलेलंही नाही, फॉलचे (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरचे) विषय नोंदवून झालेत. फक्त पैसे बंद.

यांची नोकरी २०२३ मध्ये गेली, नंतर लागली ती बऱ्याच कमी पगाराची. त्यामुळे थोडी पेल ग्रँट (फेडरल सरकारची, परत न करायची मदत), राज्याची तशीच टॅग ग्रँट आणि मुलाच्या नावावरचं फेडरल लोन अशी मोट बांधून चाललं होतं. हे तिन्ही गेलं का? आणि आम्ही पॅरेंट प्लस लोन काढणार होतो, ते तरी मिळेल ना? ते तर आमच्या नावावर असतं.

कॉलेजला फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आम्ही विद्यार्थ्याशीच बोलू शकतो." फी भरणारी मी, आणि बोलणार त्याच्याशी!

---

रारिटनकाठी | ११ जून, रात्री १०:२०

अबोलीताई, आधी पाणी प्या. हे आमच्या घरात होऊन गेलंय.

त्या बाईंचा दोष नाही. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवर हक्क त्याचा. त्यानं पोर्टलवर संमती दिली तर तुमच्याशी बोलतील.

प्लस लोनबद्दल वाईट बातमी. ते तुमच्या नावावर असलं तरी फेडरलच, आणि मुलगा सॅपमध्ये बसत नसेल तर तेही मिळत नाही. वर्क-स्टडीही (फेडरल पैशातून मिळणारं अर्धवेळ काम) नाही. टॅगलाही समाधानकारक प्रगतीची अट आहेच.

आता जीपीए बाजूला ठेवा आणि मुलाकडून दोन आकडे मागा: आजवर किती क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेले एकक) घेतली आणि किती पूर्ण केली. अर्धवट सोडलेलेही धरायचे. सेमिस्टरवार द्या.

---

अबोली | ११ जून, रात्री ११:३५

बसून काढलं. पहिला फॉल: घेतली १५, पूर्ण ११ (कॅल्क्युलस ४ क्रेडिटचं, त्यात एफ, म्हणजे नापास). पहिला स्प्रिंग: घेतली १५, पूर्ण १२ (केमिस्ट्री मध्येच सोडलं, डब्ल्यू म्हणजे विथड्रॉ). दुसरा फॉल: घेतली १६, पूर्ण फक्त ५. त्यात कॅल्क्युलस डब्ल्यू, फिजिक्स डब्ल्यू आणि एक ३ क्रेडिटचा एफ. दुसरा स्प्रिंग: घेतली १५, पूर्ण ११, पुन्हा कॅल्क्युलस डब्ल्यू.

दुसऱ्या फॉलबद्दल: ऑक्टोबरमध्ये कराडला माझे वडील गेले. आम्ही सगळे सोळा दिवस तिकडे होतो. त्यानं तेव्हा मला सांगितलं होतं, "आई, काळजी करू नको, डब्ल्यू घेतलाय, त्यानं जीपीएला काही होत नाही."

---

रारिटनकाठी | ११ जून, रात्री ११:५२

जीपीएला होत नाही, हे खरंय. तिथेच तर सगळी मुलं फसतात.

एकूण घेतली ६१, पूर्ण ३९. भागा: ६३.९ टक्के. बहुतेक कॉलेजांत रेषा ६७ टक्क्यांची असते. ६१ चे ६७ टक्के म्हणजे ४१ क्रेडिट हवी होती. तुमचा मुलगा दोन क्रेडिटनं अडकलाय.

आणि त्यातलं कॅल्क्युलस बघा. तीनदा घेतलं, म्हणजे खालच्या आकड्यात १२ आणि वरच्या आकड्यात शून्य. कॅल्क्युलसला हातच लावला नसता तर ४९ पैकी ३९, जवळजवळ ८० टक्के!

---

जुनाजाणता | १२ जून, सकाळी ६:१५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आमच्या वेळी फ्रीशिपवर शिकताना एक विषय राहिला तर बापाच्या समोर उभं राहायची हिंमत नव्हती. इथे मुलं विषय सोडतात जसा ताटातला कार्ल्याचा तुकडा सोडावा. सरकारचा पैसा आहे, हिशोब मागणारच.

---

खिडकी क्र. ३ | १२ जून, सकाळी ७:४०

जुनाजाणता, हिशोब मागावा हे बरोबरच. पण मुलाला तो हिशोब कधी समजावून सांगितला जातो, तेही बघा. मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात अकरा वर्षं आहे. ओरिएंटेशनला सॅपची स्लाइड जेवणाच्या आधी येते. तेव्हा मुलं पिझ्झाच्या वासाकडे असतात.

अबोलीताई, जरा सविस्तर लिहिते.

फेडरल नियमात तीन चाळण्या आहेत. पहिली दर्जाची, म्हणजे जीपीए. चार वर्षांच्या कोर्सला दुसऱ्या वर्षाअखेर सी सरासरी किंवा त्या कॉलेजच्या पदवीच्या अटीला धरून असेल तेवढी. बहुतेक ठिकाणी २.०. तुमचा मुलगा इथे आरामात पास. दुसरी वेगाची, तीच ६७ टक्केवाली. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, तो तिसऱ्या चाळणीतून येतो. कोर्सच्या अधिकृत लांबीच्या दीडपटीच्या आत पदवी व्हायला हवी. १२० क्रेडिटची पदवी, तर १८० क्रेडिट घेईपर्यंत. आता १२० ला १८० नं भागा, दोन तृतीयांश. म्हणून काही कॉलेजं ६६.६७ लिहितात, काही ६७. तुमच्याकडचा नेमका आकडा कॉलेजच्या धोरणात बघा. याची दीडपट सध्या ठीक आहे: घेऊन झाली ६१, पदवीला राहिली ८१ (१२० वजा ३९), बेरीज १४२, म्हणजे १८० च्या आत.

'घेतली' या खात्यात एफ, डब्ल्यू, इन्कम्प्लीट सगळं जातं. पास-फेलमधला 'पी' पूर्ण धरतात, जीपीएत येत नाही. दुसरीकडून आणलेली आणि कॉलेजनं मान्य केलेली क्रेडिट दोन्ही खात्यांत पडतात. तोच विषय पुन्हा घेतला की पुन्हा 'घेतली'त. कॉलेजची ग्रेड रिप्लेसमेंटची सोय असते ना, जुना एफ जाऊन नवा बी दिसतो, त्यानं जीपीए सुधारेल पण वेगाच्या हिशोबातून जुना प्रयत्न पुसला जात नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या ॲड-ड्रॉपच्या दिवसांत सोडलेला विषय मात्र कुठेच धरत नाहीत. ड्रॉप आणि विथड्रॉ, मराठीत दोन्हीला आपण 'सोडला' म्हणतो आणि घोटाळा होतो.

एक विचारायचं राहिलं. त्याला जानेवारीत वॉर्निंगची मेल आली असणार. दुसऱ्या फॉलनंतर ४६ पैकी २८, म्हणजे ६१ टक्के. दर सेमिस्टरला तपासणारी कॉलेजं एक सेमिस्टर वॉर्निंगवर पैसे चालू ठेवू शकतात, त्यासाठी अर्ज लागत नाही. दुसऱ्यांदा चुकलं की स्थगिती.

आता करायचं काय? अपील. तुमच्या कॉलेजात अपीलची सोय आहे का ते आधी बघा (नियमानं ती ठेवायलाच हवी असं नाही, पण बहुतेक जण ठेवतात). आजार, दुखापत, नातेवाइकाचा मृत्यू किंवा इतर विशेष परिस्थिती ही कारणं नियमातच आहेत. आजोबांचा मृत्यू त्यात बसतो. मृत्यूचा दाखला जोडा. महाराष्ट्रातला दाखला बहुधा मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे भाषांतराची भानगड नाही. विमानाचे बोर्डिंग पासही.

आणि हो, "एक सेमिस्टर घरी बसू दे, मग आपोआप सुरू होईल" असं कुणी सांगेल. होत नाही. नुसतं घरी बसून किंवा पदरचे पैसे भरून टक्का बदलत नाही. विषय पास झाले तरच बदलतो.

---

सांगलीकर७८ | १२ जून, सकाळी ९:०५

वाचनखूण साठवली. इथे आमच्याकडे महाडीबीटीवर 'रिन्यूअल' नावाचं बटण असतं, ते दाबताना दरवर्षी पोटात गोळा येतो, पण तो सर्व्हर चालेल का म्हणून.

गंमत सोडा. पुतणीला केंद्राची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती आहे, बारावीच्या गुणांवर मिळाली. पदवीला वर्षाला १२,००० रुपये. नूतनीकरणाला दोन अटी, ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. सोपं, सुटसुटीत. पण तुमच्याकडचं अपील वाचून नवल वाटलं. आजोबा वारले हे ऐकून घ्यायला कुणी बसलेलं असतं म्हणजे?

---

अटलांटाकाकू | १२ जून, दुपारी १२:३०

इकडे जॉर्जियात आणखी एक वेगळंच. होप स्कॉलरशिप, लॉटरीच्या पैशातून १९९३ पासून चालते. तिला ३.० जीपीए राखावा लागतो आणि तपासणी ठरलेल्या टप्प्यांवर: घेतलेली क्रेडिट ३०, ६० आणि ९० झाली की, शिवाय स्प्रिंगच्या शेवटी. माझ्या थोरलीची ३० ला गेली २.९४ वर! ६० ला परत मिळवली. परत मिळवायची संधी एकदाच. त्या वर्षात आमच्या घरात दशांश चिन्हाला देवघरात जागा होती.

सांगायचं म्हणजे फेडरलचा सॅप वेगळा, राज्याचा नियम वेगळा, कॉलेजच्या मेरिट शिष्यवृत्तीचा आणखी वेगळा. तिन्ही पत्रं काढून बघा.

---

नुसताचवाचक | १२ जून, दुपारी १:१२

अवांतर प्रश्न. मुलगी एच-फोर व्हिसावर (माझ्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला) आहे, पुढच्या वर्षी कॉलेज. तिला सॅप लागू आहे का?

---

खिडकी क्र. ३ | १२ जून, संध्याकाळी ५:५०

एच-फोरला फेडरल एडच नाही, त्यामुळे तो सॅपही नाही. फेडरल पैसा नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आणखी काही ठरावीक गटांना. कॉलेजची स्वतःची मेरिट मिळाली तर तिच्या अटी पत्रात असतील, त्या प्रवेशाआधी वाचा. यासाठी वेगळा धागा काढा, इथे अबोलीताईंचं चालू दे.

---

अबोली | १४ जून, रात्री १०:१५

जानेवारीची मेल आली होती. कॉलेजच्या इनबॉक्समध्ये, न उघडलेली, ग्रंथालयाच्या दोन सूचनांच्या मध्ये.

काल त्यानं अपीलचं पत्र लिहून आणलं. एका एआयला सांगून लिहून घेतलेलं, दिसतंच. आजोबा त्याच्या आयुष्याचा दीपस्तंभ होते वगैरे. माझे वडील बँकेत कॅशियर होते आणि नातवाशी फक्त क्रिकेटवर बोलायचे. मी ते सुधारून दिलं तर चालेल का? माझं इंग्रजी बरं आहे.

---

खिडकी क्र. ३ | १४ जून, रात्री ११:०२

नको. आईनं लिहिलेलं पत्र आम्हाला तिसऱ्या ओळीत कळतं. दीपस्तंभ तर आठवड्याला चार येतात.

नियम दोनच गोष्टी मागतो: का चुकलं आणि आता काय बदललंय ज्यामुळे पुढच्या तपासणीला चुकणार नाही. सगळे पहिल्यावर दोन पानं लिहितात आणि दुसऱ्यावर "मी खूप मेहनत करीन". मेहनत हा बदल नाही.

दुसरं, तुमच्या आकड्यांत एक भोक आहे आणि अपील तपासणाऱ्या समितीलाही ते दिसेल. आजोबा ऑक्टोबरात गेले. मग त्याआधीचा एफ कशाचा? आणि या स्प्रिंगला तिसऱ्यांदा कॅल्क्युलस का सुटलं? त्याला विचारा. रागावून नको.

---

रारिटनकाठी | १५ जून, सकाळी ८:२०

तोपर्यंत उन्हाळ्यात काउंटी कॉलेजात (जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) कॅल्क्युलस करून टाकायला सांगा. दोन क्रेडिटच कमी आहेत ना, चार मिळतील, प्रश्न मिटला.

---

खिडकी क्र. ३ | १५ जून, सकाळी ८:४१

मिटत नाही हो. खालचा आकडाही वाढतो! ६५ पैकी ४३ म्हणजे ६६.१५. रेषेच्या जेमतेम खाली. दोन विषय, ७ क्रेडिट केली तर ६८ पैकी ४६, ६७.६, मग सुटतो. पण उन्हाळ्याच्या छोट्या सेशनला दोन विषय, त्यात एक कॅल्क्युलस, या मुलासाठी मी म्हणणार नाही.

एकटं कॅल्क्युलस मात्र जरूर करावं. 'काय बदललं' याचा तो पुरावा. आधी स्वतःच्या कॉलेजकडून तो कोर्स मान्य होईल याची लेखी परवानगी घ्या, आणि ट्रान्सफरला साधारण सी लागतो हे ध्यानात ठेवा. फी खिशातून.

---

रारिटनकाठी | १५ जून, सकाळी ८:४४

अरेच्चा. भागाकारात मीच नापास.

---

अबोली | १७ जून, रात्री १२:०५

विचारलं. बोलायला गाडीत बसलो, घरात आजी असते.

आम्हाला वाटत होतं तो कॅम्पसवर आठवड्याला दहा तास काम करतो. तो पहिल्या वर्षापासून हायवेजवळच्या एका गोदामात रात्रपाळी करत होता, आठवड्याला २८ तास. कॅल्क्युलस सकाळी ८:३० ला. बाबांची नोकरी गेल्यापासून पुस्तकांचे पैसे आमच्याकडून मागितले नव्हते, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं हल्ली पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात.

मी काही बोलले नाही. परत येताना किराणा घेतला.

---

जुनाजाणता | १७ जून, सकाळी ६:३०

कार्ल्याचं मागे घेतो.

---

खिडकी क्र. ३ | १७ जून, सकाळी ७:१५

हेच लिहायचं, त्याच्या शब्दांत, एका पानात. पगाराच्या पावत्या जोडायच्या, तासांसकट. मग बदल: गोदाम सोडलं (राजीनाम्याची मेल), कॅम्पसवर दहा तास, कॅल्क्युलसचा दुपारचा सेक्शन, ट्युटरिंग सेंटरच्या ठरलेल्या वेळा, ॲडव्हायझरची सही असलेला सेमिस्टरचा आराखडा. आजोबांचा परिच्छेद राहू द्या, तोही खराच आहे. फक्त दीपस्तंभ काढा.

अपील मान्य झालं तर तो 'प्रोबेशन'वर जाईल, म्हणजे एका सेमिस्टरपुरते पैसे परत चालू. एका सेमिस्टरमध्ये ६७ वर येणं शक्य नसेल तर 'अकॅडेमिक प्लॅन' मागा. मग टक्का लगेच गाठावा लागत नाही, प्लॅनमधल्या अटी पाळल्या की पैसे चालू राहतात. आणि तिसऱ्या वर्षासाठी ७,५०० डॉलरचं लोन गृहीत धरून बसू नका. लोनची पायरी पूर्ण केलेल्या क्रेडिटवर ठरते. ३९ वर तो बहुतेक ठिकाणी अजून सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा), म्हणजे मर्यादा ६,५००.

---

सांगलीकर७८ | १७ जून, सकाळी १०:४०

धागा वाचून पुतणीला फोन केला, हजेरी किती म्हणून. ७१. धन्यवाद मंडळी, आता माझ्या भावाच्या घरी वादळ.

---

अबोली | ९ जुलै, संध्याकाळी ७:२०

अपडेट. अपील मान्य, प्लॅनवर. फॉलला जास्तीत जास्त १३ क्रेडिट, एकही डब्ल्यू नाही, सेमिस्टरचा जीपीए किमान २.०, ॲडव्हायझरला महिन्यातून एकदा भेट. पेल आणि टॅग पोर्टलवर परत दिसायला लागलेत. लोन ६,५०० च.

पत्र मी शेवटपर्यंत वाचलं नाही. त्यानं वडिलांना दाखवलं.

मेकॅनिकल सोडून इकॉनॉमिक्स घ्यावं का असं त्याच्या मनात आहे. बरं पडेल का?

---

रारिटनकाठी | ९ जुलै, रात्री ८:०५

अभिनंदन! इकॉनॉमिक्सलाही कॅल्क्युलस असतंच, सांगून ठेवतो. आणि मेजर बदलल्यावर आधीची क्रेडिट कशी मोजायची हे प्रत्येक कॉलेजच्या धोरणावर. विचारल्याशिवाय फॉर्म भरू नका.

---

अबोली | १४ ऑगस्ट, रात्री ९:३०

काउंटी कॉलेजचा निकाल आला. कॅल्क्युलस, सी. ट्रान्सफर झालं. मेकॅनिकलच ठेवलंय, निदान या वर्षी.

यांनी फ्रिजवर कागद लावलाय: ६५ पैकी ४३. त्याखाली मुलानं पेन्सिलनं लिहिलंय: डिसेंबर, ७८ पैकी ५६.

---

खिडकी क्र. ३ | १४ ऑगस्ट, रात्री १०:१०

७१.८. छान. ॲड-ड्रॉपची शेवटची तारीख तेवढी त्याच कागदावर लिहा.

---

अबोली | १४ ऑगस्ट, रात्री १०:१४

आहे लिहिलेली. त्यानंच, लाल पेननं.